अकरा पावलं खाली

आमच्या पोफळीच्या बागेत वरच्या अंगाला एक घुमटी आहे. देवाची नव्हे, पाण्याची. जांभ्या चिऱ्यांच्या चार भिंती, वर नळ्याची कौलं, आणि आत ताठ उभं राहिलं तर टाळू वाशाला घासेल एवढीच उंची. घरी पाहुणे आले की त्यांना ती दाखवायला नेतो आणि दर वेळी तोच प्रश्न येतो, "झरा कुठाय?" घुमटीत झरा नाहीच. तो तिथून अकरा पावलं वर आहे, उंबराच्या बुंध्याशी, उघड्यावर. हे कळल्यावर पाहुण्यांच्या चेहऱ्यावर माझ्या पणजोबांविषयी थोडी कीव येते. एवढे चिरे वाहून आणले, गवंडी लावले, आणि शेवटी नेमकी जागा चुकली!

जागा चुकलेली नाही हे समजायला मला स्वतःला चाळिशी गाठावी लागली. त्याआधी मीही ती अकरा पावलं रोज तुडवली होती, कळशी खांद्यावर घेऊन, मनात चरफडत. आज मात्र मला त्या घुमटीपेक्षा, तिच्या चिऱ्यांपेक्षा, ते मधलं अंतर जास्त आवडतं. चांगला गवई समेवर येतो ते सगळ्यांनाच कळतं. समेआधी तो कुठे थांबला हे कळायला कान तयार व्हावा लागतो. या अकरा पावलांचं तसंच आहे.

वाचायला सुरुवात वरून करावी, सड्यावरून. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावाच्या माथ्यावर जांभ्याचा सपाट सडा पसरलाय. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि पावसाळ्यात पाऊल टाकीन तिथे पाणी. फ्रान्सिस बुकाननला १८०० च्या सुमारास मलबारात हा दगड भेटला, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं विटेच्या लॅटिन नावावरून त्याला लॅटेराइट म्हटलं. तिथले लोक तो विटांसारखा कापून घरं बांधत होते, म्हणून. आमच्याकडे तो जांभा. त्याच्या अंगभर भोकं असतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे जो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यातला बराच वाहून जातो, पण काही त्या भोकांतून खाली मुरतो. मुरत मुरत शेडीपर्यंत येतो. शेडी म्हणजे जांभ्याच्या पोटाखालची ती पांढरट-जांभळट, बोटाला लोण्यासारखी लागणारी माती. आजी तीच कालवून चुलीमागची भिंत सारवायची. शेडीतून पाणी सहजी खाली उतरत नाही. मग ते आडवं सरकतं आणि उतारानं जिथे जांभा आणि शेडी यांचा सांधा उघडा पडलाय तिथे बाहेर येतं.

एवढं कळलं की डोंगर वेगळा दिसायला लागतो. मे महिन्याच्या मध्यावर, सगळा उतार करडा पडलेला असताना, समोरच्या टेकडीवर उभं राहून आमच्या डोंगराकडे बघावं. पार खालपासून वरपर्यंत सुकलेलं गवत, आणि मध्येच, कंबरेत करगोटा बांधावा तशी, एकाच उंचीवरून गेलेली हिरवी रेघ. तो सांधा. आमचा झरा त्या रेघेवर, शेजारच्या वाडीचा त्या रेघेवर, आणि पलीकडच्या देवळामागची तळीही त्याच रेघेवर. म्हणजे पाणी "सापडणं" हा इथे नशिबाचा भाग फारसा नाही. निवड करायची ती रेघेवरच्या कुठल्या ठिपक्याची. पणजोबांनी, किंवा त्यांच्याही आधी कुणी, निवडला तो डोंगराच्या काखेतला ठिपका. तिथे उतार आत वळलाय, दोन्हीकडचं पाणी कलत कलत एका जागी येतं. फुगीर नाकाडावरचे झरे शिमग्यालाच दम टाकतात. काखेतला मेपर्यंत टिकतो.

ही दृष्टी जुनी आहे. वराहमिहिरानं बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अख्खा अध्याय जमिनीतलं पाणी ओळखण्यावर घातला: कुठलं झाड, त्याच्या कुठल्या बाजूला वारूळ, खणताना कुठल्या रंगाचा बेडूक लागेल, आणि पाणी किती पुरुष खोल. रोमचा वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो की सूर्य उगवायच्या आत जमिनीवर पालथं पडावं, हनुवटी मातीला टेकवावी आणि बघावं, वाफ कुठून उठते. मला हा माणूस फार आवडतो. राजवाडे आणि देवळं यांवर लिहिणारा विद्वान, पहाटे दवात पालथा पडलेला! आमच्याकडे हे काम पाणाड्याचं. पायाळू माणसाला पाणी कळतं यावर किंवा तळहातावरचा नारळ आपोआप उभा राहतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण नारळ घेऊन तो माणूस कुठल्या वाटेनं चालतो ते जरूर बघावं. पाय उंबराकडे वळतात, वारुळाला वळसा घालतात, अळू माजलंय तिथे रेंगाळतात. नारळ उभा राहायच्या कितीतरी आधी पायांनी जागा निवडलेली असते.

आता ती अकरा पावलं.

झऱ्याचं तोंड एका जागी नसतं, ही पहिली गोष्ट. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं, कारण तो एकदाच येतो. श्रावणात आमचा झरा उंबराच्या दोन हात वरून फुटतो, तोही तीन ठिकाणी. डाव्या हाताच्या मुळाखालून तर पिंपाची तोटी सोडल्यासारखं पाणी येतं. दिवाळीपर्यंत वरची दोन तोंडं मिटतात. होळीनंतर उरतं ते सगळ्यात खालचं, दगडांच्या बेचक्यातलं, आवाज न करणारं. श्रावणात बघून बांधलं असतं तर घुमटी वैशाखात कोरडी पडली असती. वैशाखात बघून नेमकं त्या बेचक्यावर बांधलं असतं तर पहिल्याच श्रावणात पाणी भिंतीच्या पाठीत घुसून चिरे ढकलून गेलं असतं. ओल्या शेडीवर भिंतीचा भार टाकणं म्हणजे साबणाच्या वडीवर पाट मांडणं. आणि पाया खणताना शेडीचा थर फुटला, तर मग संपलंच. इतके दिवस आडवं चाललेलं पाणी त्या भोकातून सरळ खाली जाणार.

म्हणून पणजोबांनी तोंडाला हात लावलेला नाही. तिथे फक्त धोंड्यांची एक रास आहे. मोठे धोंडे मागे, बारके पुढे, फटी मोकळ्या. वर एक रुंद लादी, पालापाचोळा पडू नये म्हणून. तिथून झाकलेला पाट निघतो, वीतभर रुंद, वर जांभ्याच्या फळ्या. पाट अकरा पावलं खाली येतो तेवढ्यात जमीन सुमारे अडीच फूट उतरते. हे अडीच फूट मला त्या सगळ्या बांधकामाचा प्राण वाटतात. घुमटीतली कुंडी कितीही तुडुंब भरली तरी तिचं पाणी झऱ्याच्या तोंडाच्या उंचीला पोचूच शकत नाही. झऱ्यावर उलटा दाब येत नाही. त्याला वाटतं आपण अजून रानातच वाहतोय.

तोंडाच्या वरच्या बाजूला, साधारण पंचवीस पावलांवर, चंद्रकोरीच्या आकाराचा चर आहे. लहानपणी आम्ही त्यात लपाछपी खेळायचो. तो कशासाठी हे कधी विचारलं नाही. सड्यावरून धावत येणारं पावसाचं गढूळ पाणी त्या चरात पडतं आणि दोन्ही टोकांनी व्हाळात जातं. झऱ्यापर्यंत येत नाही. एखादा झरा खरा की खोटा हे ओळखायची सोपी खूण इथेच आहे. पहिल्या मुसळधार पावसानंतर दोन-तीन तासांत पाणी गढूळलं तर ते वरवरचं पाणी, कालचाच पाऊस. आठ दिवसांनी, तेही स्वच्छच, नुसतं वाढलं तर ते डोंगर हिंडून आलेलं.

घुमटीच्या आत या. दार ईशान्येला आहे, म्हणजे सकाळची दोन-चार किरणं उंबऱ्याला लागून परत फिरतात. उजेड कमी म्हणून शेवाळ कमी. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. आधी कुंडीचा आवाज कळतो, मग ओल्या चिऱ्याचा वास, मग पाणी. कुंडीचे दोन भाग आहेत. पहिला लहान, त्यात पाटातून आलेली वाळू बसते; त्याच्या ओठावरून पाणी दुसऱ्या, मोठ्या भागात उतरतं. हा ओठ बघण्यासाठी मी पाहुण्यांना वाकायला लावतो. सगळी घुमटी तांबड्या जांभ्याची, आणि हा एकच दगड काळा, व्हाळातून आणलेला, घोटून गुळगुळीत केलेला. जांभा सतत वाहत्या पाण्याखाली कण कण सोडतो. आणि ओठ झिजला की पातळी उतरते, पातळी उतरली की सगळं गणित बिघडतं. ज्या एका जागी झीज होणार होती तिथेच त्यांनी काळा दगड बसवला, बाकी कुठे नाही. या एका दगडासाठी मी पणजोबांना काहीही माफ केलं असतं. जवळजवळ काहीही, त्याबद्दल पुढे.

तळाशी एक भोक आहे, त्यात खैराची खुंटी ठोकलेली. वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, खुंटी काढायची, सगळं पाणी सोडायचं, वाळू ओंजळीनं काढायची, चिरे काथ्यानं घासायचे. साबण नाही, चुना नाही. भिंतीतल्या फटीत राहणारा बेडूक त्या दिवशी नाराज होऊन कोनाड्यात जाऊन बसतो. त्याला कुणी हाकलत नाही. झऱ्याच्या आत कोण कोण राहतं ते आपल्याला कुठे माहीत असतं? आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात, एक बारकी मासळी पिढ्यान्‌पिढ्या राहत होती; तिची वेगळी जात म्हणून नोंद झाली ती २०२० साली, आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथलं कुंड कुणी ब्लीचिंग पावडरनं खसाखसा धुतलं असतं तर ती जात बारशाआधीच गेली असती.

पाण्यात थर्मामीटर धरला तर जानेवारीतही पारा सव्वीस-सत्तावीस अंशांवर आणि मेमध्येही तिथेच. जमिनीखालचं पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी हवेशी जुळवून घेतं. म्हणून थंडीत पहाटे कुंडीतून वाफा निघतात आणि उन्हाळ्यात तेच पाणी घशाला गार लागतं. पाणी बदलत नाही, बदलतो आपण.

हा आकडा अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियात अकराच्या आसपास येतो, आणि तेवढ्यानं सगळं बदलतं. तिथे या बांधकामाला स्प्रिंगहाऊस म्हणतात आणि ते मुळात दुधासाठी असतं. जाड दगडी भिंती, अर्धं अंग डोंगरात रुतलेलं, पुढे आलेली वळचण, आत जमिनीत कोरलेला लांबट हौद. त्या अकरा अंशांच्या वाहत्या पाण्यात दुधाची मडकी मानेपर्यंत बुडवून ठेवायची. उन्हाळ्यात दूध नासायचं नाही, साय वर यायची, आणि कडाक्याच्या थंडीत सगळं रान गोठलं तरी आतलं पाणी गोठायचं नाही. एका खोलीत फ्रीज आणि ऊब दोन्ही. म्हणून तिथला शेतकरी जागा निवडताना झाडाची सावली आणि स्वयंपाकघरापासूनचं अंतर बघायचा. काही जणांना तेवढं अंतरही नको वाटलं. डॅनिएल बून ज्या घरात १७३४ साली जन्मला ते त्याच्या वडिलांनी झऱ्यावरच बांधलं होतं, झरा तळघरात. आपल्याकडे सत्तावीस अंशांच्या पाण्यात दूध ठेवलं तर संध्याकाळी दही मिळेल, तेही नशीब चांगलं असेल तर. तेव्हा सावलीची आणि चुलीजवळच्या सोयीची ओढ पणजोबांना नव्हती. त्यांना हवा होता उतार. घुमटी घरापेक्षा उंच, घर बागेपेक्षा उंच, बाग व्हाळापेक्षा उंच. घुमटीतून निघालेलं पाणी पोफळीच्या पन्हळीतून न्हाणीघरात आपल्या पायांनी यायचं, तिथून पाटानं बागेत. गोठा मुद्दाम सगळ्यात खाली. आजतागायत इथे पंप बसलेला नाही.

कुमाऊँतल्या नौल्यांशी ताडून बघितलं की मात्र माझा पणजोबाभिमान जरा हलतो. नौला म्हणजे पाझरावरच उभारलेली दगडी खोली, आत उलट्या पिरॅमिडसारखं पायरी-पायरीनं निमुळतं होत जाणारं चौकोनी कुंड. ते लोक थेट पाण्यावर बांधतात आणि तरी पाण्याला दुखवत नाहीत. कारण कुंडाचे दगड चुन्यानं सांधलेले नसतात. पाणी फटीफटींतून आत झिरपतं. लग्न होऊन आलेली सून आधी नौल्याला पूजते. अलीकडे ज्या नौल्यांची "दुरुस्ती" सिमेंटनं झाली त्यांतले कित्येक कोरडे पडले, हे तिकडे गेलेला कुणीही सांगेल. आपलं महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर म्हणजेही एक थोर घुमटीच. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांची पाणी भिंतीतल्या तोंडांतून येतात आणि एका गोमुखातून कुंडात पडतात. भाविक हात जोडतो तो गोमुखापुढे. मूळ भिंतीच्या मागे, अंधारात, कुणाच्या हाताला न लागणारं. पणजोबांनी कृष्णाकाठ पाहिला होता की नाही, ठाऊक नाही.

आता आमचा पराक्रम. मी कॉलेजात होतो. मुंबईहून भाऊकाका रजेवर आले आणि न्हाणीघरात शॉवर बसवायचं त्यांनी मनावर घेतलं. शॉवरला जोर हवा, जोराला उंची हवी. तालुक्याचा एक कंत्राटदार आला. त्यानं घुमटी बघितली, उंबर बघितला, हसला आणि म्हणाला, "मधली ही जागा फुकट घालवलीय तुमच्या लोकांनी. टाकी थेट झऱ्यावरच घ्या, चार फूट उचलून." धोंड्यांची रास उपसली गेली. झऱ्याच्या तोंडाभोवती सिमेंटची टाकी उभी राहिली. दोन दिवसांत ती भरली, आम्ही नारळ फोडला, भाऊकाकांनी शॉवरखाली उभं राहून नाट्यपद म्हटलं.

आमचा जुना गडी तेवढा गप्प होता. बाबांनी विचारल्यावर म्हणाला, "भाऊनू, पाण्याक वाट दिल्यात तर ता रवतला. आडवल्यात तर जातला खंय तरी."

पाच आठवड्यांत टाकी अर्धी राहू लागली. दिवाळीला शॉवरमधून थेंब. आणि त्याच सुमाराला शेजाऱ्यांच्या परड्यात, आमच्या झऱ्यापासून वीसेक फुटांवर, वांग्याच्या वाफ्यात चिखल व्हायला लागला. चार फूट पाण्याचं ओझं डोक्यावर आल्यावर झऱ्यानं शेडीच्या सांध्यातूनच दुसरी फट शोधली होती. बाबांनी टाकीला जुन्या उंचीवर भोक पाडलं, पुढच्या उन्हाळ्यात टाकीच फोडली, रास पुन्हा रचली. निम्म्याहून जास्त पाणी परत आलं. उरलेलं अजून आलेलं नाही. शेजाऱ्यांचं अळू आजही आमच्या पाण्यावर माजलंय, आणि दर श्रावणात त्या अळूचं फतफतं डबा भरून आमच्याकडे येतं, त्यामुळे हिशेब चुकता म्हणायला हरकत नाही. टाकीच्या तळाचा एक तुकडा उंबराशी अजून पडलाय. तो मी मुद्दाम उचललेला नाही.

त्या प्रकारानंतर बाबांनी वही घातली. दर वर्षी मेच्या मध्यावर, वळवाचा पाऊस व्हायच्या आत, सकाळी सात वाजता, पन्हळीखाली दहा लिटरची कळशी आणि हातात एचएमटीचं घड्याळ. कळशी भरायला लागलेली मिनिटं-सेकंदं वहीत. दीड मिनिटात भरली तर दिवसाला ९,६०० लिटर. मिनिटाला सहा-सात लिटरांची ती धार करंगळीएवढी दिसते. पण ती रात्री झोपत नाही. शेताडीत घर बांधू पाहणारी मंडळी मला विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो की आर्किटेक्ट बोलवायच्या आधी ही वही घाला. आणि एका वर्षाच्या नोंदीवर भुलू नका.

आता ती माफीची गोष्ट. घुमटीतून बाहेर पडलेलं पाणी तीन दगडी दोणींतून जायचं. पहिली घरच्यांची, पिण्याची. दुसरी गुरांची. तिसरी गडग्याच्या बाहेर, पाखाडीच्या कडेला. लहानपणी मी आजीला विचारलं, ती दोण बाहेर का? "ती बाहेरचीच रे," आजी म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली. गावकुसाबाहेरच्या माणसांनी तिथून पाणी भरायचं. गुरांनी तोंड घातल्यानंतरचं. आजी १९३४ साली लग्न होऊन आली तेव्हा ही तिसरी दोण होती, तिच्या मामंजींनीच बसवलेली. म्हणजे महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं त्याला सात वर्षं झाली होती, तेही याच कोकणात. ती दोणही उत्तम आहे, हेच अवघड आहे. उतार अचूक, काठ घोटलेला, सांडणारं पाणी पाखाडीवर येऊ नये म्हणून पन्हळ काढलेली. तीच नजर, तोच हात, तीच बारकाई. आणि अकरा पावलं पुन्हा मोजली की दिसतं: झऱ्याचं तोंड त्या वेळच्या गडग्याबाहेर पडत होतं, वाडीच्या वाटेवर. घुमटी मात्र गडग्याच्या आत आहे. अडीच फूट उतार त्यांना आणखी डावीकडेही मिळाला असता. तिथे ती सगळ्यांची झाली असती.

रसिकानं हे वाचू नये असं मला कुणीतरी सुचवलं होतं. कलाकृती आणि माणूस वेगळे ठेवावेत, वगैरे. पाण्याच्या बाबतीत ते जमत नाही. बाबांनी नोकरीला लागल्यावर गडगा फोडून पाखाडी थेट पहिल्या दोणीपर्यंत आणली. आजी त्यानंतर आठ दिवस त्या दोणीचं पाणी प्यायली नाही. नवव्या दिवशी प्यायली. आता वाडीत नळ आहेत, तिसऱ्या दोणीत पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या आंघोळ करतात.

राहिला सडा. घुमटीच्या जागेचा विचार करताना माणसं पायाखाली बघतात. बघायला हवं डोक्यावर. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात देशभरात ५० लाख झरे असल्याचा अंदाज दिलाय, त्यातले ३० लाख हिमालयात, आणि तिथले निम्म्याच्या आसपास आटलेले किंवा आटत चाललेले. सिक्कीमनं २००८ पासून धारा विकास नावाचं काम हाती घेतलं. त्यात पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेच्या भूजलतज्ज्ञांचा हात होता. त्यांचं सांगणं साधं आहे. झऱ्यापाशी काही करू नका, पाणी जिथे मुरतं ती जागा शोधा आणि तिथे चर खणा. ती जागा कधी कधी डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला असते, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. आमची सड्यावर आहे आणि ती आमची नाही. तिथे आधी कलमं आली, त्यांच्या मुळाशी ओतायची औषधं आली. त्यानंतर, दोन वर्षांमागे, चिरेखाण. चिरेखाणीत जांभाच कापून नेतात, म्हणजे पाणी धरून ठेवणारा स्पंजच ट्रकात भरून जातो. ज्या दगडानं पणजोबांनी घुमटी बांधली तोच दगड. फक्त त्यांना तीनेकशे चिरे लागले होते, तेही व्हाळापलीकडून काढलेले; झऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांनी कुदळ लावल्याची एकही खूण मला सापडलेली नाही.

बाबा गेल्यापासून वही मी लिहितो. घड्याळ तेच. गेल्या वर्षी कळशी भरायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले होते. यंदा १८ मे, सकाळी सात वाजता: दोन मिनिटं दहा सेकंद.